उतरत्या पाण्याचे गाव

भिगवण मागे टाकून सोलापूरच्या रस्त्याने इंदापूरकडे निघालो, की डाव्या हाताला उसाच्या फडांच्या फटींतून एक रुंद, राखाडी-निळी चकाकी मधूनमधून दिसू लागते. समुद्र पार घाटापलीकडे राहिलेला, पाऊस इथला बेताचा, सारा इंदापूर तालुका पर्जन्यछायेत विसावलेला, आणि तरीही नजर पोचेल तिथवर पाणी. हा भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा जलाशय, म्हणजेच यशवंतसागर. त्याच्या काठाशी आणि महामार्गाला लगटून पळसदेव वसले आहे. गाडी वेगात असेल तर गावाची पाटी, चार दुकाने आणि उसाचा एखादा ट्रॅक्टर एवढेच डोळ्यांत राहते. पण या गावाचा आस्वाद घ्यायचा तर आपण महामार्गाकडे पाठ करून काठाच्या दिशेने चालू लागावे, आणि तेही फाल्गुन-चैत्राच्या उन्हात. भरलेला जलाशय सुंदर असतो खरा, पण ते सौंदर्य कोणत्याही धरणाच्या काठी भेटते. पळसदेवचे स्वतःचे असे जे आहे ते पाणी उतरू लागल्यावर, एकामागून एक, उलगडत जाते.

या उतरण्याला एक हिशेब आहे आणि तो इथल्या लहानथोरांना तोंडपाठ असतो. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला त्रेसष्ट टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कालव्याच्या तोंडाखालचे. उरते ते सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त पाणी. ते संपले, की धरण ‘उणे’ होते. वर्तमानपत्रात टक्केवारीपुढे वजा चिन्ह उमटते आणि तरीही डोळ्यांसमोर अफाट जलाशय पसरलेला असतोच. शून्याच्या खालीही एवढे मोठे विश्व असू शकते, ही कल्पनाच मला विलक्षण रम्य वाटते. शहरातल्या माणसाला धरण भरले की रिकामे एवढेच ठाऊक. पळसदेवच्या माणसाला मात्र शंभर टक्क्यांपासून उणे पन्नासपर्यंतच्या उतारावरची एकेक पायरी ओळखीची आहे, कारण प्रत्येक पायरीवर काठ नवा होतो.

पहिली पायरी जमिनीची. पाणी मागे सरकले, की जिथून ते हटले तिथे गाळाचा ओला, काळाभोर पट्टा उघडा पडतो. ही गाळपेर जमीन. नांगरटीचे फार सोपस्कार नाहीत, खताची मनधरणी नाही. नदीने वरच्या साऱ्या मुलखातून आणून घातलेले सत्त्व आणि तळाशी मुरलेली ओल, एवढ्यावर इथे वैरणीची हिरवळ उभी राहते. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना तीच जमीन काही महिन्यांपुरती पुन्हा दिसावी, तिने तेवढ्यात एक पीक पदरात टाकावे आणि पुन्हा पाण्याखाली जावे, यातला आनंद आणि त्याला चिकटलेली हुरहूर आपल्याला वेगळी करून दाखवता येत नाही. त्याच ओल्या पट्ट्यावर विजेच्या मोटारी असतात. पाणी चार पावले मागे गेले, की मोटार चार पावले पुढे न्यायची, पाइपाला जोड द्यायचा, केबल वाढवायची. आणि पाणी फारच लांब गेले, तर चारी खोदून ते मोटारीपर्यंत ओढून आणायचे. दुपारच्या उन्हात गुडघाभर चिखलात उभे राहून मोटार सरकवणारी माणसे पाहिली, की वर रस्त्यालगत डुलणाऱ्या उसाच्या गोडीमागचे श्रम आपल्याला दिसतात. उसाच्या हिरवेपणावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्या केबलच्या वेटोळ्यांवर कोणी लिहावे असे वाटते.

मग पक्षी येतात. चक्रवाक हिवाळ्यातच आलेले असतात. त्यांच्या केशरी-तांबूस अंगाने काठ उजळलेला असतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांनी लगेच ओळखू येतात. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात तोल सांभाळत हिंडतात, आणि जवळच्या भादलवाडीच्या तलावाकाठी घरटी करणारे चित्रबलाक इकडे चरायला उतरतात. परंतु या साऱ्या मेळ्याचा मानकरी म्हणजे रोहित. आपण त्याला सवयीने फ्लेमिंगो म्हणतो, आणि भिगवण-कुंभारगावच्या नावाशी त्याचे नाव आता कायमचे जोडले गेले आहे. पण पाण्याला आणि पक्ष्याला गावांच्या शिवा ठाऊक नसतात, पळसदेवचा काठही त्याच जलाशयाचा. रोहिताचे सगळे देहसौष्ठव उथळ पाण्यासाठी घडले आहे. तो मान खाली घालतो तेव्हा डोके पुरते उलटे होते. वाकडी चोच पालथी पडून चिखल-पाण्यावर अलगद फिरते. जीभ पाणी आत ओढते, बाहेर लोटते, आणि चोचीच्या काठावरच्या बारीक कंगोऱ्यांत सूक्ष्म शेवाळ नि किडे अडकून राहतात. या भोजनासाठी पाणी पायांच्या उंचीइतकेच हवे. भरलेला यशवंतसागर त्याच्या कामाचा नाही. म्हणजे ज्या उतारामुळे शेतकऱ्याची मोटार लांब जाते, त्याच उतारामुळे हा शुभ्र-गुलाबी पाहुणा जवळ येतो. आकाशात उठताना त्याच्या पंखांखालचा लाल-काळा रंग जो एकदम पेटून उठतो, तो पाहण्यासाठी तरी आपण एकदा या काठावर तासभर निमूट बसावे.

आणि आता देऊळ.

पाण्याच्या उताराबरोबर हळूहळू वर येत जाणारे पळसनाथाचे जुने शिवालय हा या गावाचा परमोच्च रस आहे. आधी दिसते ते शिखर. ते विटांचे आहे, अंग मात्र दगडाचे. आपण जरा या जोडीपाशी थांबू. यादवकाळाशी ज्यांचे नाव आपण जोडतो, ज्यांना सरधोपटपणे हेमाडपंती म्हणतो, त्या देवळांची प्रकृती मुख्यतः पाषाणाची: घडीव चिरे, कोनात कोन बसवलेल्या भिंती, नक्षीचे खांब. त्या धीरगंभीर दगडी देहावर विटांचे शिखर चढवणे म्हणजे भारदस्त धृपदाला हलकी तान जोडण्यासारखे आहे. दगड खाली ठाम बसतो, वीट वर निमुळती होत जाते. खाली शाश्वताचा भार, वर मातीचा भाजलेला, उबदार, तांबूस रंग. आणि विस्मय असा, की दोहोंपैकी नाजूक ती वीट. तरीही १९८० पासून वर्षानुवर्षे ती पाण्यात बुडते, उन्हात तापते, लाटांनी घासली जाते, आणि शिखराची मूळ रेषा अजून पुसली गेलेली नाही. कडा झिजल्या, कोपरे गळले, सांध्यांत गाळ शिरला, तरी नजर खालून वर नेली, की कारागिराच्या मनातला तो उद्गामी वळसा आपल्याला जसाच्या तसा गवसतो. बांधणाऱ्याने पावसाचा विचार केला असेल, उन्हाचा केला असेल. पण आपल्या शिखरावरून होडी जाईल असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

पाणी आणखी उतरले, की शिखराखालचे दगडी अंग, मंडप आणि भोवतालचा प्राकार वर येऊ लागतो. दुष्काळी वर्षात, जसे २०२४ च्या उन्हाळ्यात झाले, धरण खोल उणे होते आणि देऊळ पार जमिनीपर्यंत मोकळे होते; मग तडकलेल्या गाळावरून चालत आपण थेट त्याच्या दारात जाऊ शकतो. दगडांवर पाण्याच्या पातळ्यांच्या आडव्या रेषा उमटलेल्या असतात, एकीखाली एक, कुठे दाट, कुठे विरळ. जिथे पाणी फार दिवस थांबले तिथे रेघ जाड, जिथून झरझर उतरले तिथे पुसट. कोरीव शिल्पांच्या खोलगट जागांत शिंपल्यांचे तुकडे नि सुकलेला गाळ बसलेला. देवळाचे स्थापत्य एका काळाने घडवले आणि त्यावरचा हा दुसरा लेप आपल्या हयातीतल्या काळाने चढवला, आणि आज दोन्ही मिळूनच ते देऊळ आहे. लेप खरवडून मूळ शोधणारा अभ्यासक मला आदरणीय आहे. रसिकाने मात्र लेपासकट पाहावे.

धरणामुळे गाव उठले तेव्हा देवही उठला. नव्या गावठाणात पळसनाथाचे नवे देऊळ उभे राहिले, पूजा तिथे चालते, नवस तिथे फिटतात. जुन्या देवळात नित्याची पूजा नाही, तरीही पाणी उतरल्यावर माणसे तिथे जातातच, आणि गाभाऱ्यापुढे हात आपोआप जोडले जातात. धरणग्रस्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर त्या उघड्या पडलेल्या गाळातून चालण्याचा योग आला, तर आपण बोलू नये, ऐकावे. इथे आड होता, इथे आमचा गोठा, इथून बैल नदीवर जायचे: सपाट गाळावर बोट दाखवत ते एक अख्खे गाव उभे करतात.

असा अनुभव एकट्या पळसदेवचा नाही. जर्मनीतल्या हेसन प्रांतात एडर नदीवर १९१४ साली धरण पुरे झाले आणि आझेल, बेरिश, ब्रिंगहाउझेन ही तीन लहान खेडी पाण्याखाली गेली. तिथेही उन्हाळा सरता सरता पाणी ओसरते आणि आझेलचा जुना दगडी पूल सगळाच्या सगळा वर येतो. लोक त्यावरून चालून येतात. बुडालेल्या बेरिशचे लोक दुसरीकडे नवे बेरिश वसवून राहिले. पूल आणि देऊळ यांत अंतर आहे, हवामानात तर आहेच. पण आपल्या जुन्या गावाची वाट वर्षातून काही दिवस मोकळी होते, हे सुख त्या खेडुतांना आणि पळसदेवकरांना सारखेच कळत असणार.

उतरलेले पाणी जाते कुठे, हे पाहिल्याशिवाय हा आस्वाद अपुरा राहील. ते कालव्यांनी सोलापूर जिल्ह्याच्या शेतांत जाते, बोगद्यातून सीनेच्या खोऱ्यात जाते, नदीपात्रातून सोलापूर शहराच्या तहानेसाठी औजच्या बंधाऱ्यापर्यंत जाते. आणि आषाढीला वाळवंटात जमलेल्या वारकऱ्यांना स्नान घडावे म्हणून पंढरपूरच्या चंद्रभागेतही उजनीतूनच सोडले जाते. भीमा उगम पावते भीमाशंकरी, ज्योतिर्लिंगापाशी. आणि पुढे अर्धचंद्राकार वळून विठ्ठलाच्या पायाशी चंद्रभागा होते. या शिवापासून विठ्ठलापर्यंतच्या वाटेवर मधोमध पळसनाथ उभा आहे. इथे शिखर उघडे पडते तेव्हा खाली कुठेतरी कोणाचा मळा भिजलेला असतो, कोणाचा हंडा भरलेला असतो. ही देवघेव मनात ठेवून त्या तांबूस विटांकडे पाहिले, की त्यांचा रंग आणखी गहिरा वाटू लागतो.

जुलैत पुन्हा उलटे चक्र फिरू लागते, तेही फार विलोभनीय. पळसदेवच्या आभाळात अनेकदा नुसते वाऱ्यावर पळणारे ढग असतात, अंगणात धूळ असते, आणि धरण मात्र वाढत असते. कारण पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भामा यांच्या उगमांकडे. खडकवासल्यापासून वरची धरणे भरून पाणी सोडू लागली, की सगळ्यांचे कान दौंडकडे लागतात. दौंडचा विसर्ग किती क्युसेक, हा त्या दिवसांतला चहाच्या टपरीवरचा पहिला प्रश्न; आकडा मोठा असला की मासेमार जाळी आणि होड्या वर ओढून घेतात, कटला-रोहू-चिलापीचा पुढचा हंगाम कसा जाईल याचे अंदाज बांधले जातात, आणि गाळात रुतलेल्या मोटारी सोडवून खांद्यावर घेऊन माणसे पुन्हा वरच्या काठाकडे चढू लागतात.