क्रीडादुखापती आणि कायरोप्रॅक्टिक : प्रतिबंधाच्या दाव्याची चिकित्सा

अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिक उपचारपद्धतीचा पाया घातला. मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येऊन रोग उद्भवतात, ही त्यांची मूळ कल्पना शास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. पद्धती मात्र क्रीडाक्षेत्रात रुजली. तिच्यामुळे कंबरदुखीत काही प्रमाणात आराम मिळतो, हे मान्य करावे लागते. तथापि वेदना कमी होणे आणि दुखापत टळणे या भिन्न गोष्टी होत.

या संदर्भात हॉस्किन्स व पोलार्ड यांचा ऑस्ट्रेलियातील अभ्यास (२०१०) महत्त्वाचा ठरतो. ५९ फुटबॉलपटूंच्या या प्रयोगात उपचार घेणाऱ्या गटात पायांचे स्नायू ताणले जाण्याचे प्रमाण कमी आढळले. परंतु मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापतींतील घट सांख्यिकीय निकषापर्यंत पोहोचली नाही. शिवाय खेळाडूगणिक उपचार बदलत असल्याने लाभ नेमका कशाचा, हे ठरवता येत नाही. याउलट डेन्मार्कमधील ९४२ फुटबॉलपटूंच्या अभ्यासात (२०११) गुडघे टेकून शरीर सावकाश पुढे झुकविण्याचा 'नॉर्डिक' व्यायाम करणाऱ्या गटात अशा दुखापती १५, तर नेहमीचाच सराव करणाऱ्या गटात ५२ झाल्या.

सारांश, वेळ व निधी मर्यादित असलेल्या संघांनी प्रतिबंधासाठी व्यायामाला अग्रक्रम द्यावा आणि कायरोप्रॅक्टिककडे वेदनाशमनाचे पूरक साधन म्हणूनच पाहावे, हे अधिक तर्कसंगत ठरते.