यंत्राने लिहिलेली आजी

विद्यार्थ्याने एखाद्या मार्गदर्शक पुस्तकातून निबंध उतरवला, तर पूर्वी ते पुस्तक शोधून त्याच्यापुढे ठेवता येत असे. आता परीक्षकाची ही सोय उरलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले केले. पाठोपाठ गूगलचे जेमिनाय आणि तशीच इतर साधने आली. विषय सांगावा, शब्दसंख्या सांगावी, की पूर्वी कोणीही न लिहिलेला आणि तरीही कोणाचाच नसलेला निबंध मिनिटभरात हाती पडतो. म्हणूनच, चोरी कोठून झाली हा प्रश्न बाजूस ठेवून, हे लेखन लेखन म्हणून कसे आहे, याचा विचार करणे अधिक इष्ट ठरेल.

युवकांच्या एका स्पर्धेसाठी आलेले 'माझी आजी' या विषयावरील निबंध नुकतेच वाचनात आले. त्यांतील काही निबंधांत एकच आजी वावरत होती. हात सुरकुतलेले पण मायेने भरलेले, डोळ्यांत अनुभवाची चमक, ओठांवर संस्कारांच्या गोष्टी. ती 'केवळ आजी नव्हती, तर एक चालतेबोलते विद्यापीठ' होती. विशेषणे तिनातिनाच्या गटाने येत, आणि शेवटी आजच्या धकाधकीच्या युगात वडीलधाऱ्यांना वेळ द्यावा, असा उपदेश. शुद्धलेखनात खोट काढायला जागा नव्हती. पण ही आजी वसईची की विदर्भाची, ती लुगडे नेसे की साडी, भाकरी तांदळाची थापी की ज्वारीची, याचा थांगपत्ता लागत नव्हता. दुसऱ्या एका निबंधात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी होत्या. परंतु त्यातली आजी रविवारी मिस्सासाठी जाताना ओच्यात सुकेळी बांधून नेई, प्रवचन संपेपर्यंत नातू गप्प बसला तर त्याला एक देई, आणि प्रवचन लांबले की स्वतःच अर्धे खाई. (कम्युनियनपूर्वीच्या उपवासाचा हिशेब ती कसा जुळवत असे, हे तिलाच ठाऊक!) परीक्षकांनी पहिला क्रमांक विद्यापीठ-आजीला दिला.

हा निकाल मुलांपेक्षा आपल्यावर अधिक बोट ठेवतो. यंत्राचे कसब थोडक्यात असे: ते भाषेचे लहान लहान तुकडे पाडते, आणि अफाट लिखित मजकुरात कोणत्या तुकड्यानंतर कोणता येण्याचा संभव अधिक, याच्या अंदाजावरून वाक्य पुढे नेते. बहुधा जे म्हटले जाते, तेच ते म्हणते. त्याला मराठीत जो छापील मजकूर मिळाला, त्यात आपलेच पारितोषिकप्राप्त निबंध, सत्कारांची भाषणे आणि स्मरणिकांमधील लेख असणार. चालतेबोलते विद्यापीठ त्याने शोधून काढलेले नाही. ते आपणच वर्षानुवर्षे प्रत्येक निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात हारासोबत घालत आलो आहोत.

त्यात आणखी एक व्यंग आहे. या यंत्रांना पुरवलेला मजकूर मुख्यतः इंग्रजी आहे. मराठीचा वाटा एक टक्क्याहूनही पुष्कळच अल्प. त्यामुळे शब्द मराठी आणि बांधणी इंग्रजी, असे वाक्य पुनःपुन्हा भेटते. 'दिवसाच्या शेवटी कुटुंबच महत्त्वाचे असते' असे आपल्या गावात कोण म्हणते? आपली सामवेदी आणि वाडवळी तर अजूनही प्रामुख्याने ओठांवरच्या बोली आहेत. त्यांतले छापील वाङ्मयच मुळात थोडे, तेव्हा यंत्राच्या पदरी ते किती पडणार? आजीचे बोलणे तिच्याच बोलीत लिहिणारा नातू हा म्हणूनच यंत्राला नसलेले काही पुरवत असतो.

येथे कोणी म्हणेल, साचा उसना घेणे एवढे वाईट का? फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ओवीचा आणि पुराणाचा साचा उसनाच घेतला होता. खरे आहे. परंतु हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. मधली सदतीस वर्षे तो ही भाषा बोलणाऱ्या माणसांत राहिला होता. त्याच्यासमोर पुराणे ऐकण्याची सवय असलेले नवख्रिस्ती श्रोते होते. साचा उसना असला, तरी ऐकणारी माणसे त्याच्या ओळखीची होती.

यंत्राचा उपयोगच नाही, असे मात्र मुळीच नाही. रात्री दहा वाजता गणित अडले आणि घरात सांगणारे कोणी नसले, तर मुलाने त्याला जरूर विचारावे. मात्र उत्तर पडताळून घ्यावे, कारण नसलेली माहितीही ते छातीठोकपणे सांगते. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अँटिक्वा एट नोव्हा' या टिपणातही या साधनांना सरसकट नकार नाही. विद्यार्थ्याला स्वतः उत्तर शोधायला न लावता ते आयते पुरवणाऱ्या साधनांबद्दल सावधगिरीची सूचना आहे.

लेखनाच्या दृष्टीने मला अधिक चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपली मुले आता यंत्राकडून लिहून घेतात एवढेच नव्हे. स्वतः लिहिलेली पहिलीवहिली कविताही ती प्रथम यंत्रालाच दाखवतात. ते सहसा कौतुकच करते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपल्या यंत्राची एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची वाजवीपेक्षा जास्त खुशामत करीत होती. सतरा वर्षांच्या कवीला खुशामत गोड लागणारच. तिसरे कडवे पहिल्याचीच पुनरुक्ती आहे, 'अश्रूंचा सागर' ही प्रतिमा झिजून गेली आहे, पण विहिरीवरच्या रहाटाची ओळ ठेव, असे त्याला सांगणारा माणूस लागतो, आणि तो त्याच्या ओळखीचा असावा लागतो.

आपल्या नियतकालिकांकडून साहित्य परत जाताना त्यासोबत पूर्वी संपादकांच्या हातच्या दोन-चार ओळी जात. टपालखर्च वाढला, वेळ उरला नाही, आणि ती पत्रे हळूहळू थांबली. ती पुन्हा सुरू करावीत. परत पाठवलेल्या कवितेवर पेन्सिलीची एखादी खूण असली तरी चालेल.