कॅटलिनची आज्ञा : दंतरचना, श्वास आणि निद्रा ह्यांविषयीच्या एका युक्तिवादाचे परीक्षण

१

जॉर्ज कॅटलिन (१७९६–१८७२) हे नाव मुख्यतः चित्रकार म्हणून परिचित आहे. उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींमध्ये १८३० नंतरच्या दशकात हिंडून त्याने जी व्यक्तिचित्रे रंगविली, त्यांवर त्याची कीर्ती उभी आहे. ह्याच कॅटलिनने १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्वासोच्छ्वासावर एक लहानसे पुस्तक लिहिले. माणसाने नाकाने श्वास घ्यावा, तोंडाने घेऊ नये, विशेषतः झोपेत तोंड उघडे ठेवू नये; तसे केल्यास दात वेडेवाकडे येतात, चेहऱ्याची ठेवण बिघडते, झोप विश्रांती देत नाही आणि आयुष्य घटते, हा त्या पुस्तकाचा आशय.

ह्या पुस्तकाच्या शीर्षकाचा इतिहास लक्षणीय आहे. प्रथम ते 'जीवनाचा श्वास' अशा अर्थाच्या नावाने निघाले. पुढे १८७० पर्यंतच्या आवृत्त्यांत 'तोंड मिटा' आणि त्यानंतर 'तोंड मिटा आणि प्राण वाचवा' अशी नावे त्यास मिळाली. नामाच्या जागी आज्ञार्थी क्रियापद आले. हा बदल केवळ पुस्तक खपविण्याच्या सोयीचा मानता येणार नाही; ग्रंथाचा सारा युक्तिवाद आरंभापासून ज्या दिशेने चालला होता, ती दिशा शीर्षकाने अखेरीस उघड केली, इतकेच. ह्या आज्ञेमागे जे गृहीत दडले आहे, ते आजही दंतोपचार आणि निद्रा ह्यांविषयीच्या चर्चेत वावरत असल्यामुळे त्याचे परीक्षण अगत्याचे ठरते.

२

कॅटलिनची प्रमाणसामग्री तीन प्रकारची आहे. पहिली, त्याने पाहिलेल्या जमातींचे वर्णन : त्यांचे दात सरळ व सारखे असतात, त्या नाकाने श्वास घेतात, आणि स्तनपान संपताच आया झोपी जाणाऱ्या मुलाचे ओठ बोटांनी मिटवून देतात. दुसरी, स्वानुभव : तरुणपणी आपण तोंड उघडे टाकून झोपत असू व त्यामुळे आपली प्रकृती क्षीण झाली होती, निश्चयाने ती सवय मोडल्यावर आपण सुधारलो, असे तो सांगतो. तिसरी, त्याची स्वतःची रेखाचित्रे : मिटल्या तोंडाचा शांत निद्रिस्त आणि जबडा गळालेला, त्रस्त निद्रिस्त.

ह्यांपैकी तिसऱ्या प्रकाराचे सामर्थ्य सर्वांत अधिक आणि त्याचे प्रमाणमूल्य सर्वांत कमी आहे. चित्रकार जे सिद्ध करू पाहतो तेच रेखाटतो. वाचक ते चित्र पाहून सिद्ध झाले असे समजतो. पहिल्या प्रकारातही दोष आहे. त्या जमाती आणि लंडन अथवा न्यूयॉर्कमधील नागरिक ह्यांत आहार, वंश, बालसंगोपन व रोगराई असे अनेक भेद होते. त्या सर्वांतून एकच भेद वेगळा काढून त्याला कारणाचे पद देणे हे निरीक्षण नव्हे, निवड होय.

ह्या तर्कदोषाचे भाषिक रूप मराठी वाचकाला आपल्याच भाषेत पाहता येईल. 'तोंड उघडे राहून दात पुढे आले' ह्या वाक्यातील 'राहून' हे रूप पूर्वकाल सांगते, की रीत सांगते, की हेतू अथवा कारण सांगते, हे त्या रूपावरून कळत नाही. ऊन-प्रत्ययान्त धातुसाधित ही तिन्ही कामे करते व त्यांतील निवड ऐकणाऱ्यावर सोपविते. कॅटलिनच्या इंग्रजीत हा प्रत्यय नाही. परंतु त्याच्या विवेचनाची रचना नेमकी अशीच आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवावयाच्या आणि त्यांतील संबंध वाचकाने भरावा अशी वाट मोकळी ठेवावयाची. दात पुढे असल्यामुळे ओठ मिटत नाहीत, हा उलटा संबंधही तितकाच संभवनीय आहे. दोन्हींच्या मुळाशी तिसरेच कारण असणेही शक्य आहे. ह्या शक्यतांचा विचार ग्रंथात नाही.

३

ते तिसरे कारण कॅटलिनच्या हयातीतच पुढे आले. कोपनहेगनचे वैद्य विल्हेल्म मायर ह्यांनी १८६८ मध्ये नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात वाढणाऱ्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथींचे वर्णन केले. ह्या ग्रंथी वाढल्या की मुलाचे नाक मागून बंद होते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष गोष्ट ही की मायर ह्यांनी ह्या रुग्णांच्या उच्चारातील नादहीनतेची नोंद केली होती.

ती नादहीनता मराठीतही सहज ओळखता येते. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या करताना मुख आणि नासिका ह्या दोहोंच्या योगाने उच्चारला जाणारा वर्ण असे म्हटले. नासिकेचा वाटा नाहीसा झाला की 'म' हा 'ब'कडे आणि 'न' हा 'द'कडे झुकतो. नाक चोंदलेल्या मुलाच्या तोंडी 'मामा'चा 'बाबा' आणि 'नाना'चा 'दादा' होऊ लागतो. लोकभाषेत अशा मुलाला 'नाकात बोलतो' असे म्हणतात. वस्तुतः त्याच्या बोलण्यात नाकाचाच अभाव असतो. नाव आणि वस्तुस्थिती ह्यांतील हे अंतर कॅटलिनच्या प्रमादाशी जुळते. दिसते ते उघडे तोंड. मूळ आहे ते बंद नाक.

येथेच आज्ञार्थाची मर्यादा स्पष्ट होते. आज्ञार्थ ज्याला उद्देशून वापरला जातो, त्याच्या हाती ती क्रिया आहे असे गृहीत धरतो. ज्याच्या नाकातून वारा जात नाही त्या मुलाला 'तोंड मिट' म्हणणे म्हणजे त्याने श्वास सोडून द्यावा असे म्हणणे होय. सवय आणि असहायता ह्यांतील भेद कॅटलिनच्या व्याकरणात नाही, आणि ह्याची किंमत मुलालाच द्यावी लागते : तोंड उघडे ठेवतो म्हणून तो दटावला जातो, आणि नाकाची तपासणी राहून जाते.

तथापि कॅटलिनचे निरीक्षण टाकाऊ ठरत नाही. एडवर्ड अँगल ह्यांनी दंतव्यंगांचे जे वर्गीकरण १८९९ मध्ये मांडले, त्यातील पुढे आलेल्या वरच्या दातांच्या प्रकाराशी त्यांनी तोंडाने श्वास घेण्याचा संबंध जोडला. स्वीडनमधील लिंडर-आरॉन्सन ह्यांनी १९७० च्या दशकात अ‍ॅडेनॉइडग्रस्त मुलांच्या अभ्यासातून असे दाखविले की, त्या ग्रंथी काढल्यानंतर जी मुले नाकाने श्वास घेऊ लागली त्यांच्या दंतरचनेत काही सुधारणा झाली. एगिल हार्व्होल्ड ह्यांनी माकडांची नाके बंद करून केलेले प्रयोग १९८१ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यांत प्राण्यांची दंतरचना बदलली, परंतु प्रत्येकाची सारखी बदलली नाही. जबडा व जीभ कशा रीतीने सांभाळली जाई, त्यानुसार परिणाम वेगळा झाला. उघड्या तोंडापासून वेड्या दातांपर्यंत वाट आहे, पण ती सरळ नाही, असा ह्याचा अर्थ.

४

आता उलट दिशेचा प्रश्न : दंतरचना सुधारल्याने श्वास व झोप सुधारतात काय? ह्याचे शारीरिक मूळ साधे आहे. तोंडाचे छत ते नाकाची जमीन. वरचा जबडा अरुंद असला की टाळू उंच व निमुळती होते, आणि तिच्यावरची नाकाची पोकळीही अरुंद राहते. टाळूच्या मध्यरेषेवरील सांधा बालपणी जुळलेला नसतो. दाढांना बसविलेल्या साधनातील स्क्रू रोज थोडा फिरविला की तो सांधा उघडतो आणि त्या जागी नवे हाड भरते.

सॅन फ्रान्सिस्कोतील दंतवैद्य अँजेल ह्याने हा उपाय १८६० मध्ये, म्हणजे कॅटलिनचे पुस्तक निघण्याच्या सुमारासच, चौदा वर्षांच्या एका मुलीवर केला. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा असल्याने हाड खरोखर उघडले हे दाखविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि समकालीनांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास ह्यांनी ह्या उपचाराने दंतकमानीबरोबर नाकाची पोकळीही रुंदावते हे प्रसिद्ध केले. दरम्यान झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद पडण्याचा विकार, ज्यास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, तो मुलांतही आढळतो हे गियेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आठ मुलांच्या वर्णनाने दाखविले.

ह्या दोन धाग्यांची गाठ २००४ मध्ये पडली. इटलीतील पिरेली ह्यांनी गियेमिनो आदींसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अरुंद जबड्याच्या ३१ मुलांची टाळू रुंद करण्यात आली. झोपेत तासाला सरासरी सुमारे १२ वेळा येणारे अडथळे काही महिन्यांनी एकाहून कमी झाले. निष्कर्ष प्रभावी आहे; पण तो वाचताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड वाढलेली मुले तसेच स्थूल मुले त्या अभ्यासातून वगळली होती. आणि तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. तुलनेची आवश्यकता का, हे २०१३ मधील एका अमेरिकन चाचणीने शिकविले. टॉन्सिल व अ‍ॅडेनॉइड काढण्याविषयीच्या त्या चाचणीत ४६४ मुले होती. शस्त्रक्रियेच्या गटात सात महिन्यांनी ७९ टक्के मुलांची निद्राचाचणी सामान्य झाली. आणि केवळ वाट पाहिलेल्या गटातही ४६ टक्के मुलांची झाली. वाढते वय स्वतःच काही काम करीत असते. २००४ च्या अभ्यासातील सारी सुधारणा काळानेच केली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु काळाचा वाटा किती आणि स्क्रूचा किती, हे त्या एका अभ्यासावरून ठरविता येत नाही.

प्रौढांची गोष्ट वेगळी. टाळूचा सांधा वयपरत्वे घट्ट होत असल्याने तो उघडण्यास हाडात बसविलेले स्क्रू वा शस्त्रक्रिया लागते. सौम्य वा मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन रात्री दातांवर लावतात. त्याने जीभ पुढे येऊन घसा मोकळा राहतो. ते लावलेले असेपर्यंतच उपयोगी पडते, आणि वर्षानुवर्षे वापरल्यास दात किंचित सरकवूही शकते.

५

म्हणून ह्या विषयात क्रियापदाची निवड हीच कसोटी आहे. जबडा अरुंद असेल आणि श्वासरोधात त्याचा वाटा असेल, तर दंतोपचार श्वासाला व झोपेला 'साहाय्य करतो' हे विधान सिद्धतेच्या मर्यादेत बसते. तो विकार 'बरा करतो' हे विधान बसत नाही. अमेरिकन दंतसमायोजकांच्या संघटनेने २०१९ मध्ये काढलेल्या निवेदनाची भूमिकाही हीच : दंतवैद्याने लक्षणे ओळखावीत, निदान मात्र वैद्याने करावे. घोरणारे मूल प्रथम निद्रेच्या व नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे. जबड्याचा विचार त्या तपासणीबरोबर व्हावा, तिच्या जागी होऊ नये.

जेम्स नेस्टर ह्यांच्या २०२० मधील श्वासविषयक लोकप्रिय ग्रंथाने कॅटलिनला पुन्हा वाचक मिळवून दिले, आणि रात्री ओठांवर चिकटपट्टी लावून झोपण्याची प्रथाही अलीकडे पसरली आहे. ही पट्टी म्हणजे कॅटलिनच्या आज्ञार्थाचे वस्तुरूप होय. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला अ‍ॅडेनॉइडचे ज्ञान नव्हते, ही त्याची सबब ग्राह्य आहे. आजच्या वाचकाला ती उपलब्ध नाही. नाक मोकळे आहे की नाही, हा प्रश्न आधी विचारावयाचा आणि तोंड मिटण्याची गोष्ट त्यानंतर करावयाची, हा क्रम सांभाळला तर कॅटलिनच्या निरीक्षणाचा उपयोग होईल. तो क्रम उलटला, तर त्याचे पुस्तक ज्या मुलांच्या हितासाठी लिहिले गेले, त्यांनाच ते बाधक ठरेल.