जपानी वसंत, मावळी राब

दिवाळी अंकासाठी वसंतावर लिहायला बसणे हे जरा अवेळीच आहे. जपानी कवीला तर ते मुळीच रुचायचे नाही. जो ऋतू दारात उभा असेल त्याचेच नाव कवितेत घ्यावे, असा त्यांच्याकडचा रिवाज. पण आपल्याला कविता करायची नाही, कवितेविषयी बोलायचे आहे. आणि फराळ झाल्यावर बोलायला बसले म्हणजे कोणताही ऋतू चालतो. शिवाय मला एक चूक कबूल करायची आहे. ती चैत्रात झाली होती, म्हणून विषय चैत्राचा.

मी घोरावाडीला राहते आणि लोकलने मावळातल्या एका शाळेत मराठी शिकवायला जाते. काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना मी हायकू समजावून सांगितला. तीन ओळी, पाच-सात-पाच अशी सतरा अक्षरे, विषय निसर्ग; आणि लगेच घरचा अभ्यास दिला की वसंत ऋतूवर एक हायकू लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्यांचा ढीग आला. बहुतेकांत कोकिळा होती, ती असायचीच. एका हुशार मुलाने चेरीच्या बहराखाली चांदणे सांडले होते. मी खूष झाले आणि त्याची कविता शाळेच्या हस्तलिखितात घातली. एका मुलीने मात्र असे लिहिले होते :

राब विझला
सांजेला आली आई
केसांत राख

अक्षरे मी बोटांवर मोजली. सतरा बरोबर भरली. तरीही लाल शाईने खाली लिहिले, ‘विषय वसंत आहे.’ मुलीने वही घेतली आणि जागेवर जाऊन बसली.

ज्यांनी मावळातली भातशेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे, त्या जमिनीवर उन्हाळ्यात शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर पसरतात, वर थोडी माती टाकतात आणि पेटवून देतात. याला राब भाजणे म्हणतात. तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. मृगाचा पाऊस पडला की तिथे भात पेरायचा आणि रोप हाताशी आले की लावणी. आंबेमोहोर तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या असाच राखेतून वर आलेला आहे. पाहा, भाताच्या जातीला आम्ही वसंताचे नाव ठेवतो, आणि वसंतात पेटलेला राब मात्र मला कवितेत ओळखता आला नाही!

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, जपानीचा तर गंधही नाही. तथापि त्या वहीनंतर पुढेमागे कुतूहल वाढले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन मी आर. एच. ब्लाइथ या इंग्रज पंडिताचे हायकूंवरचे ग्रंथ चाळू लागले. चार खंड, 1949 ते 1952 या काळात निघालेले. त्यांतला एक अख्खा खंड वसंताचा. तो चाळताना पहिला धक्का बसला तो तीन ओळींविषयी. जपानीत हायकू बहुधा एकाच उभ्या ओळीत छापतात. तीन ओळी ही भाषांतरकारांची सोय, आणि आम्ही तिलाच हायकूचे लक्षण मानून बसलो. दुसरा धक्का सतरा अक्षरांचा. जपानी माणूस जे मोजतो ते आपल्या अक्षरापेक्षा मात्रेला अधिक जवळचे आहे. दीर्घ स्वराचे दोन धरायचे, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘न’चा एक वेगळा. आपण ‘टोकिओ’ म्हणतो त्या शहराच्या नावाचे त्यांच्या हिशेबाने चार होतात. असे सतराच! आपल्या पादाकुलकाच्या एका चरणात सोळा मात्रा असतात. म्हणजे त्यांची सबंध कविता आपल्या एका चरणाएवढी. माझ्या विद्यार्थिनीच्या त्या तीन ओळींच्याही मात्रा एकोणतीस होतात.

एवढ्याशा जागेत कविता उभी राहते तरी कशी? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर ऋतुशब्दात आहे.

हायकू हा आरंभी स्वतंत्र प्रकारच नव्हता. चारचौघे कवी जमून साखळीने एक लांब कविता रचत, तिच्या पहिल्या कडव्याला होक्कु म्हणत. यजमानाला अभिवादन करावे तसा त्यात चालू ऋतूचा उल्लेख करायचा. आमच्या खेड्यातल्या पत्रांत ख्यालीखुशालीनंतर पाऊसपाण्याची ओळ यायची, तसेच काहीसे. बाशो (1644–1694) याने या पहिल्या कडव्याला फार मोठी प्रतिष्ठा दिली. पुढे बुसॉन, इस्सा झाले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकी या कवीने त्याला साखळीतून कायमचे मोकळे करून ‘हायकू’ हे नाव रूढ केले. कडवे सुटे झाले, तरी ऋतूचा शब्द त्याच्याबरोबर राहिला. जपानात अशा शब्दांचे कोशच आहेत. ऋतुमान, आकाश, जमीन, माणसांचे व्यवहार, सणवार, प्राणी, वनस्पती अशी त्यांची मांडणी असते. त्या कोशांत नुसते ‘फूल’ म्हटले की चेरीचे आणि वसंतातले. नुसता ‘चंद्र’ म्हटला की शरदाचा. वसंतातला चंद्र हवा असेल तर तो धुकट आहे असे सांगावे लागते. एक शब्द उच्चारला की वाचकाच्या मनात सगळा देखावा आपोआप उभा राहतो. उरलेल्या दहाबारा मात्रा मग कवीला मोकळ्या मिळतात. हायकू आखूड असतो तो या उधारीवर. वर्णनाचा खर्च वाचकाने आधीच केलेला असतो.

आणि म्हणूनच हायकूचे भाषांतर होते, पण ऋतूचे होत नाही. बाशोची सर्वांत गाजलेली कविता 1686 सालची. जुन्या तळ्यातल्या बेडकाची. रवींद्रनाथ 1916 साली जपानला गेले, त्या प्रवासावरच्या पुस्तकात त्यांनी ती बंगालीत आणली. मराठीतही ती अनेकांनी आणली आहे. आता आपला वाचक ती वाचतो तेव्हा काय पाहतो? बेडूक म्हटला की आपल्याला आषाढ आठवतो, भरलेले तळे, रात्रभर चाललेले डरांव डरांव. जपानी वाचकाला बेडूक हा वसंताचा प्राणी. थंडी सरली, पाणी कोमट होऊ लागले, आणि त्या शांततेत एक हालचाल झाली. चैत्रात आमच्या मावळातले तळे भेगाळलेले असते! झोक्याचेही तसेच. झोका तिकडे वसंताचा शब्द आहे. आमच्याकडे झोका बांधला की नागपंचमी. उत्तम भाषांतर वाचूनसुद्धा आपण भलत्याच महिन्यात जाऊन उभे राहतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

मराठीत हायकू आणला तो शिरीष पै यांनी, गेल्या शतकाच्या आठव्या दशकात. याची मला नेहमी मौज वाटते. आचार्य अत्रे हे त्यांचे वडील. कोणत्याही गोष्टीचे माप गेल्या दहा हजार वर्षांच्या खाली न घेणारा हा माणूस, आणि त्यांच्या लेकीने मराठीला दिली ती जगातली सर्वांत आखूड कविता! शिरीषताई 2017 साली गेल्या. हायकूंचे अनेक संग्रह त्यांनी मागे ठेवले. त्यांनी सतरांचा हिशेब सक्तीचा मानला नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. वर दाखवल्याप्रमाणे तो हिशेब आपल्या भाषेचा नव्हेच. त्यांनी घेतली ती पाहण्याची रीत. त्यांच्या हायकूंत आपलाच पाऊस आहे, आपलेच पक्षी, आपल्याच संध्याकाळी. एखादे पाखरू दिसले, मनाला काहीतरी झाले, संपले. तोवर आमची कविता उपमांच्या दागिन्यांनी वाकलेली होती. तिला असे एका साध्या पातळात उभी करणे हे मोठे धैर्याचे काम होते.

तक्रार आहे ती नंतरच्या गर्दीविषयी. शिरीषताईंच्या मागून तीन ओळी लिहिणारे पुष्कळ आले. कोणी त्यांत यमक जुळवले, जे जपानी हायकूत नसते. कोणी तिसऱ्या ओळीत विनोदासारखी कलाटणी ठेवली, कोणी सुविचार ठेवला. हायकू आणि चारोळी यांत मग एका ओळीचाच फरक उरला. आणि वसंत आला की चेरी! ज्या झाडाखाली आपण कधी बसलो नाही, त्याचे नाव घेतल्याने वाचकाच्या मनात काही उभे राहत नाही. मग ते उभे करण्यासाठी विशेषणे लागतात, ‘शुभ्र’, ‘कोमल’, ‘गुलाबी’. आणि सतरा अक्षरे त्यांतच खर्ची पडतात. माझ्या हस्तलिखितातल्या त्या मुलाचे असेच झाले होते. दोष त्याचा नाही. मीच त्याला तसे शिकवले होते.

बरे, आपला पाठ्यपुस्तकी वसंत तरी कुठे आपला आहे? ऋतुराज, मलयगिरीचा वारा, नववधूसारखी सृष्टी हे सगळे संस्कृत काव्यातून वारशाने आलेले. ‘ऋतुसंहारा’तला वसंत फार सुंदर आहे, पण चैत्रात घोरावडेश्वराच्या डोंगरावर चढून पाहा. वर बौद्ध लेणी आहेत, महादेव आहे. तुकोबा इथे येऊन चिंतनाला बसत अशी परंपरा सांगते. खाली लोहमार्ग, जुना हमरस्ता, द्रुतगती मार्ग, गहुंज्याचे क्रिकेटचे मैदान. आणि डोंगर कसा? पिवळा पडलेला, जागोजाग वणव्याने काळा. त्या काळ्यावर एखादा निष्पर्ण पळस पेटलेला. करवंदीच्या जाळीत पांढरी फुले, सावरीचा कापूस वाऱ्यावर, आणि झाडात कुठेतरी तांबट पक्ष्याचे एकसुरी ठोके. आमच्याकडे पान गळते आणि फूल येते ते एकाच वेळी. जपानी वसंत बर्फाच्या खालून वर येतो, आमचा उन्हाच्या कडेने. हा वेगळा वसंत आहे, आणि त्याला वेगळे शब्द हवेत. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्यामहिन्याचे असे शब्द गोळा करून ठेवले आहेत. ते पुस्तक आपण ललित गद्य म्हणून वाचतो. आपला ऋतुकोश म्हणूनही ते वाचायला हवे होते.

कोणी म्हणेल, कोशातले शब्द वापरायचे म्हणजे कविता नव्हे, गणित झाले. आक्षेप अगदीच खोटा नाही. जपानातही त्या कोशांच्या आधाराने रचलेल्या निर्जीव ओळींचा खच पडलेला असणारच. पण ओवीला चाल असते म्हणून जात्यावरच्या बायकांचे दुःख खोटे ठरत नाही. आणि ऋतुशब्द म्हणजे केवळ फुले-पाखरे असेही नाही. हे मला फार उशिरा कळले. जपानी ऋतुकोशातल्या माणसांच्या व्यवहारांत वसंताखाली नांगरणी आहे, चहाच्या पानांची खुडणी आहे. आणि आणखी एक नोंद आहे : नोयाकी. म्हणजे नवे गवत नीट यावे म्हणून माळावरचे वाळके गवत जाळणे. शेत जाळण्याला, बांध जाळण्याला, डोंगर जाळण्याला आणखी निराळे शब्द आहेत, आणि ते सगळे वसंताचे.

ती नोंद वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवले. ‘विषय वसंत आहे’ असे मी ज्या वहीत लिहिले होते, तिच्यात वसंतच होता. बाशोच्या देशात तो कोणीही ओळखला असता. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या, लहानपणीच आई गेलेल्या इस्साने तर नक्कीच ओळखला असता. त्या तीन ओळींत विशेषण नाही, उपमा नाही, ‘माझी आई किती कष्ट करते’ असा उमाळाही नाही. आग आता शेतात नाही. तिची उरलेली खूण केसांत आहे. माझ्या सबंध वर्गात खरा हायकू तेवढा एकच होता.

गेल्या चैत्रात संध्याकाळच्या लोकलमध्ये ती मला भेटली. आता नोकरी करते. कान्ह्याला उतरणार होती. मी तिला त्या कवितेची आठवण दिली आणि माझे चुकले असे म्हटले. तिला कविता मुळीच आठवत नव्हती. ‘कोणती हो बाई?’ म्हणाली. मी ओळी म्हणून दाखवल्या तेव्हा हसली.

मी विचारले, ‘अजून राब भाजता का ग?’

‘नाही बाई. आता गादीवाफ्यावर रोप टाकतो. थोडी जमीनही गेली.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘आई तेव्हा दोन-दोन दिवस तशीच असायची. विहिरीला पाणी नसायचं ना त्या दिवसांत. न्हायची कशी?’

मी ती राख इतक्या वेळा वाचली होती, पण हे पाणी मला त्या ओळींत कधी दिसले नव्हते. घोरावाडी आली म्हणून मी उतरले.