शेकेल, तोळा आणि किलोग्रॅम : अनुवादाच्या तराजूत

बायबलच्या जुन्या करारात वजनांची नावे ठायी ठायी येतात. गेरा, बेका, शेकेल, माने, किक्कार. त्यांच्यापाशी येताच अनुवादकापुढे दोन वाटा फुटतात. मूळ नाव ठेवून तळटीप द्यावी, किंवा संहितेतच किलोग्रॅम लिहून मोकळे व्हावे. १९७६ साली पूर्ण झालेल्या इंग्रजी 'गुड न्यूज बायबल'ने दुसरी वाट धरली. सामान्य वाचकाची सोय हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु या सोयीपायी काय खर्ची पडते, याचाही हिशेब व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

प्रथम आकडे पाहू. यहूदाच्या भूमीत झालेल्या उत्खननांत घुमटासारख्या माथ्याची, चुनखडीची कोरीव वजने सापडली आहेत. त्यांवरून शेकेलचे सरासरी वजन सुमारे ११.३ ग्रॅम ठरते. त्यावरचे कोष्टक तर बायबलच पुरविते. निर्गमच्या ३८व्या अध्यायात ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल रुपे दिल्याची नोंद आहे आणि एकूण रुपे १०० किक्कार व १,७७५ शेकेल भरल्याचे म्हटले आहे. ६,०३,५५० चे निम्मे ३,०१,७७५. अर्थात एक किक्कार ३,००० शेकेलांचा, म्हणजे सुमारे ३४ किलोंचा.

मराठी वाचकाला येथे एक गंमत आढळेल. ब्रिटिश अमदानीतील तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. शेकेल आणि तो जवळजवळ भावंडेच. मात्र आज सराफाच्या पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. तेव्हा शेकेलसाठी 'तोळा' हा घरगुती शब्द योजावा, तर त्याचे स्वतःचेच माप मधल्या काळात बदललेले! रूपांतर एकदा केले की कायमचे झाले, असे होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

रूपांतर निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गल्याथाचे चिलखत ५,००० शेकेलांचे होते, या वाक्याने मिस्सेतील श्रोत्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ते सुमारे ५७ किलोंचे आणि भाल्याचे पाते जवळजवळ ७ किलोंचे, असे सांगताच दावीदासमोर कोण उभा आहे हे कळते. येथे वजनाचा भार हाच कथेचा आशय आहे.

परंतु अबशालोमाच्या केसांकडे पाहा. ते २०० शेकेल भरत, आणि तेही राजाच्या वजनाने, असे दुसऱ्या शमुवेलाचे पुस्तक सांगते. 'सव्वादोन किलो' असे लिहिले की वाचक चकित होतो. पण राजाचे वजन बाजारच्या वजनाहून वेगळे असू शकते, ही मूळ लेखकाने दिलेली सूचना त्या नेमक्या आकड्याखाली दडपली जाते.

पहिल्या शमुवेलातील 'पीम' या शब्दाची कथाही उद्बोधक आहे. १६११च्या इंग्रजी राजमान्य अनुवादाने या अपरिचित शब्दाचा अर्थ 'कानस' असा केला होता. पुढे हाच शब्द कोरलेली, सुमारे ७.८ ग्रॅमची दगडी वजने हाती आली आणि उलगडा झाला. पीम म्हणजे शेकेलचा दोन-तृतीयांश भाग. पलिष्टी लोक इस्राएली शेतकऱ्यांकडून फाळ धारेला लावण्याबद्दल घेत असलेला मोबदला. लोहारकी ज्याच्या हाती, त्याने शेतकऱ्याला कसे नाडावे, हे त्या ओळीतून उघड होते. 'आठ ग्रॅम' म्हटल्याने ही नाडवणूक उमगत नाही. शेकेलशी असलेले त्याचे प्रमाण कळले तरच उमगते.

आमचा खरा आक्षेप आणखी पुढे आहे. आमोस संदेष्टा व्यापाऱ्यांवर ठपका ठेवतो तो एफा लहान आणि शेकेल मोठा केल्याचा. धान्य मोजून देताना माप अपुरे, मोल तोलून घेताना दगड जड. अनुवाद नावाच्या पुस्तकात थैलीतील दोन प्रकारच्या दगडांना मनाई आहे तीही याचसाठी. आमच्या बाजारांत याला 'काटा मारणे' म्हणतात. 'मापात पाप' हा शब्दप्रयोगही सर्वांच्या तोंडी आहे. ग्रॅम मोठा करता येत नाही. म्हणून ग्रॅमच्या भाषेत आमोसाचा संताप मांडताच येत नाही. दानीएलाच्या ग्रंथात बेलशस्सरच्या भिंतीवर उमटलेल्या शब्दांत तर वजनांच्या नावांवरच श्लेष आहे. माने, शेकेल आणि अर्धे वजन ही नावे ऐकू येतात आणि त्यांतूनच मोजणे, तोलणे, विभागणे हा निवाडा निघतो. तेथे किलोग्रॅम घातला की निवाडा उरतो, त्याची भाषा जाते.

म्हणून आमचे मत असे : संहितेत मूळ नाव राहावे, रूपांतर तळटीपेत द्यावे आणि तेही 'सुमारे' या शब्दासह, पूर्णांकात. ५,००० हा मुळातच ठोकळ आकडा, त्याचे ५६.६५ करणे हा अचूकपणाचा आभास होय. जाहीर वाचनात जेथे केवळ आकारमान कळणे अगत्याचे आहे, तेथे किलो खुशाल यावा. मात्र जेथे वजन हाच न्याय-अन्यायाचा विषय आहे, तेथे अनुवादकाने त्याला हात लावू नये. शेकेल हा शब्द वाचकाला दोनदा अडखळवील. तिसऱ्यांदा तो त्याच्या ओळखीचा झालेला असेल.