व्ह्यू कॅमेऱ्याला डिजिटल पाठ : चारोटी परिसरातील लग्नचौकाच्या छायाचित्रणाच्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : व्ह्यू कॅमेरा, डिजिटल कॅमेरा, जोडचित्र, लग्नचौक, वारली, प्रलेखन

प्रस्तावना

जुना भात्याचा कॅमेरा आणि नवा डिजिटल कॅमेरा यांचा संयोग करण्याची कल्पना गेल्या काही वर्षांत छायाचित्रणाच्या अभ्यासकांना व हौशी मंडळींना सारखीच आकर्षित करीत आली आहे. व्ह्यू कॅमेऱ्याच्या मागील चौकटीत फिल्मऐवजी डिजिटल कॅमेऱ्याचा सांगाडा बसवावयाचा, तो चौकटीतच डावी-उजवीकडे व वर-खाली सरकवीत अनेक चित्रे घ्यावयाची आणि ती संगणकावर जोडून एकच विशाल चित्र सिद्ध करावयाचे, असे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे. सांस्कृतिक वारशाच्या प्रलेखनासाठी ही पद्धती आदर्श होय, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन असते. प्रस्तुत लेखात चारोटी परिसरातील वारली लग्नचौकाच्या संदर्भात या प्रतिपादनाची चिकित्सा केली आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी नाका बहुतेकांना ठाऊक असतो तो विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेमुळे. नाक्याभोवतीच्या पाड्यांमध्ये कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे आजही आढळतात. घरकुल योजनांमुळे त्यांची संख्या मात्र उतरणीला लागली आहे. अशा घराच्या आतल्या भिंतीवर, गेरूच्या लेपावर, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा आणि विधीची गाणी धवलेरीची. हा चौक टिकविण्यासाठी काढलेला नसतो. धुराने तो काळवंडतो, पावसाळ्यातील ओलीने सुटतो आणि पुढील सारवणात नाहीसा होतो. त्याचे चित्र कसे घ्यावे, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही.

यंत्राचे म्हणणे

प्रथम या पद्धतीच्या गुणांचा विचार करू. व्ह्यू कॅमेऱ्याची पुढील व मागील चौकट एकमेकींपासून स्वतंत्रपणे हलते. घराच्या मध्यावरील खांब किंवा धान्याची कणगी आड येत असेल, तर कॅमेरा बाजूला उभा करून, मागील चौकट भिंतीशी समांतर ठेवून, केवळ भिंग सरकविले तरी चौकाचा चौरस चौरसच राहतो. साध्या कॅमेऱ्याने तिरके चित्र घेऊन पुढे संगणकावर सरळ करता येते, हे खरे. पण त्यात दूरच्या बाजूचे तपशील ताणले जातात. दहा फुटांच्या अंधाऱ्या खोलीत हा लाभ मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा लाभ विस्ताराचा. चार बाय पाच इंची फिल्मचे प्रत्यक्ष चित्रक्षेत्र सुमारे ९५ बाय १२० मि.मी. असते, पूर्ण आकाराच्या डिजिटल संवेदकाचे २४ बाय ३६ मि.मी. म्हणजे फिल्मचे क्षेत्र सुमारे तेरा पट ठरते. एकमेकांवर येणारी कड धरता ते व्यापण्यास तीसच्या आसपास चित्रे लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल, तर हिशोबाने तीनशेहून अधिक मेगापिक्सेलचे चित्र हाती येते. हा आकडा ऐकून अनेकांचे भान हरपते. आकड्यांपुढे नम्र होण्याची आपल्या विद्याक्षेत्राची सवय जुनी आहे.

मात्र हा आकडा पिक्सेलचा आहे, तपशिलाचा नव्हे. मोठ्या फिल्मसाठी घडविलेली भिंगे मोठे प्रतिमावर्तुळ देतात. प्रत्येक मिलिमीटरमध्ये बारीक रेषा वेगळ्या दाखविण्याची त्यांची शक्ती त्या मानाने मर्यादित असते, कारण मोठी फिल्म फारशी विस्तारावीच लागत नसे. शिवाय ही भिंगे एफ/१६ ते एफ/२२ या छिद्रांवर वापरण्याची रीत आहे. एफ/२२ वर प्रकाशाच्या विवर्तनामुळे एका बिंदूची चकती ३० मायक्रॉनच्या घरात जाते, तर वरील संवेदकाचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो. एक बिंदू पाच पिक्सेल व्यापीत असेल, तर त्या पाचांनी मिळून फार तर एकाचे काम केले असे म्हणावे लागते.

तिसरी अडचण जागेची. भिंगापासून संवेदकापर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मि.मी. आणि कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मि.मी. कॅमेऱ्याच्या सांगाड्यातच खर्ची पडते. ९० मि.मी.चे भिंग लावले, तर भाता व दोन्ही चौकटी यांच्यासाठी जेमतेम तेवढेच अंतर उरते. भाता घट्ट दाबला जातो आणि ज्या हालचालींसाठी हा कॅमेरा आणला त्याच अडतात. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी ही अडचण पुष्कळ सौम्य केली आहे. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मि.मी. आहे. तरीही कडेच्या चित्रांत तिरक्या किरणांमुळे काळोखी येते व कधी रंगाची छटा बदलते. पांढऱ्या पिठाच्या आणि गेरूच्या भिंतीवर ती चटकन डोळ्यांत भरते.

भिंग स्थिर राहून केवळ संवेदक सरकल्याने वस्तूंचे परस्परस्थान बदलत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत भक्कम युक्तिवाद. पण तो खोली असलेल्या दृश्यासाठी आहे. सपाट पृष्ठासाठी साधा कॅमेरा भिंतीशी समांतर सरकवूनही हेच साधते. कुडाची भिंत काटेकोरपणे सपाट नसते हे खरे, परंतु तिचे उंचवटे बोटाच्या जाडीचे असतात. एवढ्यासाठी इतका खटाटोप आवश्यक आहे, असे मला वाटत नाही.

जोडलेला काळ

जोडचित्र ही आजची कल्पना नव्हे. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्या कार्यात सहभागी होते. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले, पहिला १८६३ मध्ये व दुसरा, महाराष्ट्रविषयक, १८६६ मध्ये. त्यांतील अनेक चित्रांत स्टुडिओत बसविलेली माणसे निराळ्या ठिकाणी घेतलेल्या पार्श्वभूमीवर छापलेली आहेत. ज्या ठिकाणी माणसे नव्हती तेथे ती आणून बसविण्यात आली, आणि वाचकाने ते वास्तव म्हणून पाहिले.

आपल्या जोडचित्रात याच्या उलट घडते. दाराच्या उजेडावर एका चित्रास पाच-सहा सेकंद लागतात. कॅमेरा सरकविणे, थरथर थांबण्याची वाट पाहणे यांसह तीस चित्रांना सहज वीस मिनिटे जातात. शेणाच्या जमिनीत तिपाईचे पाय रुततात, म्हणून खाली फळ्या ठेवाव्या लागतात आणि घरातल्यांना चालू नका असे सांगावे लागते. या काळात कोणी भिंतीशी आले, तर एका चित्रात हात उमटतो आणि शेजारच्यात तो नसतो. परिणामी पद्धतीची पहिली अट अशी होते की, भिंतीपुढे कोणी नसावे. अंतिम चित्र एका क्षणाचे आहे असे भासते. वस्तुतः ती वीस मिनिटांची शिवण असते, आणि त्या वीस मिनिटांत घर रिकामे करविलेले असते.

याला महत्त्व यासाठी की, वारली चित्रकलेच्या अलीकडील इतिहासात सवासिनी एकदा बाजूला पडल्या आहेतच. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे बाहेरच्या जगापुढे आणली. भिंत कागदावर आली, कागद बाजारात गेला आणि चित्रकार म्हणून पुरुषांची नावे रूढ झाली. म्हसे यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. यशोधरा डालमिया यांच्या १९८८ मधील ग्रंथात चित्र आणि विधी यांचा एकत्रित विचार आढळतो, ही त्या काळातील मोलाची गोष्ट. आता प्रलेखनाच्या नावाखाली आपण पुन्हा भिंत तेवढी घेणार आणि लिहिणारा हात वगळणार असू, तर चित्र कितीही मेगापिक्सेलचे असले तरी ते अपुरेच आहे.

येथे एक अनुभव नोंदवितो. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेला सागवानी कॅमेरा घेऊन मी चारोटीजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो. तो केरळातील आलप्पुळा येथे बनलेल्या वागीश्वरी कॅमेऱ्यांपैकी. डिजिटल सांगाडा बसविण्यापूर्वी दुधी काचेवर जुळवाजुळव चालली असताना घरातील आजींनी काळ्या कापडाखाली डोकावून पाहिले. काचेवर पालघट डोक्यावर उभी होती. आजी बराच वेळ हसत राहिल्या, मग सुनांना व शेजारणींना बोलावून त्यांनी एकेकीला ते दाखविले. चौकातील एक कोपरा अपुरा आहे, हे त्यांच्यापैकी एकीच्या उलट्या प्रतिमेतच लक्षात आले आणि तिने तो भरला. त्या अर्ध्या तासात एकही चित्र घेतले गेले नाही. मात्र चौक कोणी, कोणत्या क्रमाने लिहिला याविषयी जेवढी माहिती मिळाली, तेवढी नंतरच्या मुलाखतींत मिळाली नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा हेच दृश्य सुलटे दाखवितो. त्यासाठी कोणास कापडाखाली वाकावे लागत नाही आणि म्हणून कोणी थांबतही नाही.

तेव्हा ही पद्धती टाकाऊ ठरवावी काय? तसे माझे म्हणणे नाही. पिठाच्या रेघेची कड, बांबूच्या काडीचा दाब कोठे वाढला, गेरूचा थर कोठे तडकला हे मध्यम छिद्रावर घेतलेल्या जोडचित्रात चांगले दिसते, आणि आवरणाच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग आहे. आक्षेप क्रमाविषयी आहे. चौक लिहिला जात असताना हातातल्या साध्या कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे, लिहिणाऱ्यांची त्यांच्या संमतीने नोंदविलेली नावे आणि गाण्यांचे ध्वनिमुद्रण आधी. रिकाम्या भिंतीचे जोडचित्र त्यानंतर, आणि त्याच्या तळटीपेत ते किती चित्रांचे व किती मिनिटांचे आहे याचा स्पष्ट उल्लेख. संग्रहांतील जोडचित्रांखाली अशी नोंद मला क्वचितच आढळली आहे.

उपरोक्त घराची भिंत पुढील वर्षी सारवली गेली. जोडचित्राची फाइल महाविद्यालयाच्या संगणकावर आहे. ती उघडण्यास बराच वेळ लागतो. घरच्यांनी एक छापील प्रत मागितली, ती जोडचित्राची नव्हे, तर शेजारणी कापडाखाली वाकलेल्या असताना माझ्या विद्यार्थ्याने सहज घेतलेल्या चित्राची. ती पाठविली आहे.