उशिरां मिळालेला बोलेरो

इसवी सन २००० मध्यें लॅटिन ग्रॅमीचीं पारितोषिकें पहिल्यानेंच वांटण्यांत आलीं, तेव्हां ‘उत्कृष्ट नवोदित कलावंत’ हा मान क्यूबाचे गायक इब्राहिम फेरेर यांस मिळाला. त्या वेळीं या नवोदिताला ७३ वर्षें पुरीं झालीं होतीं, आणि मंडळींत उभें राहून गाऊं लागल्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. ही हकीकत प्रथम कळली तेव्हां आम्हांला हंसूं आलें. त्यांचीं गाणीं लक्षपूर्वक ऐकल्यावर मात्र त्या हंसण्याची थोडी लाज वाटूं लागली.

फेरेर यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२७ रोजीं पूर्व क्यूबांत, सांतियागो शहराजवळच्या सान लुईस गांवीं झाला. आई नाचाच्या मेळाव्यास गेली असतां तेथेंच तिला कळा सुरू झाल्या. मुलगा बारा वर्षांचा असतांना ती निवर्तली, आणि पोर रस्त्यावर खाऊ विकूं लागलें. पुढें १९४१ मध्यें नात्यांतील एका भावाबरोबर त्यानें ‘लोस होवेनेस देल सोन’ या मंडळींत गाण्यास आरंभ केला.

येथें दोन गानप्रकारांची ओळख करून देणें अवश्य आहे. ‘सोन’ हा त्याच पूर्वभागांतील डोंगराळ मुलुखाचा. स्पॅनिश गितारीची चाल आणि आफ्रिकेहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा ताल यांच्या मिश्रणांतून तो झाला. त्याच्या उत्तरार्धांत मुख्य गायक आयत्या वेळीं सुचेल तशी भर घालीत जातो आणि बाकीचे झील धरतात. ‘बोलेरो’ हा संथ, प्रीतिविरहाचा प्रकार; तोहि याच सांतियागोचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेपे सांचेस नांवाच्या शिंप्यानें नांवारूपास आणलेला. म्हणजे दोहोंचें माहेर एकच. तरीहि फेरेर यांस आयुष्यभर सोन आणि त्याहून थिल्लर व जलद असा ‘ग्वाराचा’ हेच वाट्यास आले. तुमचा गळा बोलेरोचा नव्हे, असा मंडळीच्या चालकांचा निकाल होता. त्यांतून फेरेर यांनीं गाइलेलें ‘एल प्लातानाल दे बार्तोलो’ हें खटकेबाज गाणें १९५० नंतरच्या दशकांत गाजलें. एकदां माणूस खेळकर गाण्यानें गाजला, कीं त्याच्या तोंडीं दुःख शोभत नाहीं असें ठरवावयास लोकांना वेळ लागत नाहीं.

१९५७ मध्यें ते हवानांत आले. बेनी मोरे यांच्यासारख्या बलाढ्य गायकाच्या मागें त्यांनीं झील धरली. नंतर पाचो आलोन्सो यांच्या मंडळींत व तिच्यांतूनच निघालेल्या ‘लोस बोकुकोस’मध्यें १९९१ पर्यंत ते राहिले. मग गाणें सोडलें आणि जोडे पुसण्याचें काम पत्करलें.

यापुढची कथा जगजाहीर आहे. निक गोल्ड या इंग्रज निर्मात्यानें १९९६ मध्यें मालीचे आणि क्यूबाचे वादक हवानांत एकत्र बसविण्याचा बेत केला होता. मालीचे वादक पोंचूं शकले नाहींत, आणि अमेरिकन गितारवादक राय कूडर यांच्या देखरेखीखालीं जुन्या क्यूबन कलावंतांचेंच ध्वनिमुद्रण करण्याचें ठरलें. हुआन दे मार्कोस गोन्सालेस हे फेरेर यांना शोधीत गेले. आतां आपण गात नाहीं, असें म्हणून त्यांनीं आढेवेढे घेतले, पण अखेर ते आले. १९९७ मध्यें ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ ही तबकडी निघाली, १ जुलै १९९८ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें जलसा झाला आणि १९९९ मध्यें व्हिम व्हेंडर्स यांचा बोलपट आला.

त्या तबकडींत इसोलिना कारिल्यो या बाईंनीं रचलेला ‘दोस गार्देनियास’ हा बोलेरो आहे, आणि गळा बोलेरोचा नव्हे असें ज्याला सांगितलें होतें तोच माणूस तो गातो आहे. रसिकांनीं तो अवश्य ऐकावा. आवाज मोठा नाहीं, आणि वयामुळें त्याला थोडी खर आलेली आहे. गायक कोठेंहि सुराला पिळीत नाहीं, रडत नाहीं. शब्द तालाच्या किंचित् मागें टाकतो, पण ताल त्याच्या हातून निसटत नाहीं. हें कसब कोठून आलें? आमच्या मतें ज्या ग्वाराचांत त्याला अडकवून ठेविलें होतें त्यांतूनच. चाळीस वर्षें जलद लयींत पाय रोवून उभा राहिलेला माणूस संथ लयींत उतरला, म्हणजे घाई कशी ती त्याला ठाऊकच नसते. आणि ज्यानें दुसऱ्याच्या मागें झील धरली आहे तो स्वतः गातांनाहि दुसऱ्यांना ऐकत असतो. १९९९ च्या त्यांच्या स्वतंत्र तबकडींत ओमारा पोर्तुओंदो या बाईंसह गाइलेलें ‘सिलेन्सियो’ याची साक्ष देईल. त्या तबकडीवर तंतुवाद्यांचा पाक मात्र मधून मधून जरुरीपेक्षां जास्त झाला आहे. या आवाजाला तो नको होता.

बोलपटांत फेरेर आपल्या घरांतील संत लाझाराच्या मूर्तीपुढें मद्य आणि अत्तर वाहतात. दृश्य मनोहर आहे. परंतु प्रेक्षक एक परीकथा मनांत घेऊन उठतो, कीं रत्न मातींत पडलें होतें आणि परदेशांतून आलेल्या जाणत्यांनीं तें उचललें. या ‘शोधा’वर आमचा आक्षेप आहे. क्यूबांतील नाचणाऱ्यांनीं हा गळा शेंकडों रात्रीं ऐकला होता; तो हरवलेला नव्हताच. त्याला एक गोष्ट नाकारली होती, आणि ती नाकारणारे संगीत जाणणारेच लोक होते. परीकथेंत हा दोष कोणाच्याच पदरीं पडत नाहीं, म्हणून ती सर्वांना गोड लागते. तिशींतल्या भरल्या गळ्यावर हें ओझें सोंपविलें असतें तर काय ऐकूं आलें असतें, हा प्रश्न ती पुसूं देत नाहीं.

फेब्रुवारी २००४ मध्यें ‘बुएनोस एर्मानोस’ या तबकडीस ग्रॅमी मिळालें, पण अमेरिकेंत जाण्याचा परवाना फेरेर यांस नाकारण्यांत आला. त्यानंतर त्यांनीं केवळ बोलेरोंचीच एक तबकडी करावयास घेतली. २००५ च्या उन्हाळ्यांत तींच गाणीं घेऊन ते युरोपांत फिरले, आणि परतल्यावर ६ ऑगस्ट रोजीं हवानांत वारले. तबकडीचें काम अपुरें होतें. कच्च्या मुद्रणांवरून तें इतरांनीं पुरें केलें. तिचें नांव ‘मी स्वेन्यो’, म्हणजे ‘माझें स्वप्न’.